पाच तारखेचं पत्र

फाईल मी स्वतः लावली होती. पहिल्या नोटिशीला पिवळी चिठ्ठी, दुसरीला गुलाबी, खाली मस्टरची झेरॉक्स, एका कोऱ्या कागदावर चिकटवलेल्या पोस्टाच्या पावत्या आणि शेवटी ‘पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा मारून परत आलेली तीन पाकिटं, न फोडलेली. कामगार कार्यालयात, मालक-कामगारांच्या वादात तडजोड घडवणाऱ्या समेट अधिकाऱ्यांच्या टेबलावर ती ठेवताना मला वाटलं, अर्ध्या तासात विषय संपेल.

युनियनच्या कॉम्रेडनी फाईल ओढून घेतली. साठीच्या पुढचे गृहस्थ, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. नोटिशी त्यांनी वाचल्यासुद्धा नाहीत. थेट पावत्यांच्या कागदावर आले, चष्मा चढवला आणि एका रजिस्टर नंबराखाली अंगठा ठेवला, मग दुसऱ्या. पहिल्या नंबराचा शेवट ४१. दुसऱ्याचा ४२.

“ताई, ही नोटीस पाच सप्टेंबरची, ही चौदाची. नऊ दिवसांत पोस्टानं दुसरं एकही रजिस्टर घेतलं नाही काय ओ?”

अधिकाऱ्यांनी कागद आपल्याकडं वळवला. दोन्ही पावत्यांवर शिक्का १५ सप्टेंबर २०१८ चा. माझ्या दुसऱ्या नोटिशीचं पहिलंच वाक्य होतं : ‘आमच्या दि. ५ च्या पत्रास आपण आजतागायत उत्तर दिलेले नाही.’ आणि ते पाच तारखेचं पत्र या पत्रासोबत एकाच थैलीतून, एकाच दिवशी निघालं होतं.

माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरं उत्तर मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि ते फार क्षुल्लक होतं. आवक-जावक बघणाऱ्या आमच्या क्लार्कची सवय अशी, की एका पत्रासाठी पोस्टात जायचं नाही, दोन-तीन साठले की एकदम टाकायचे. त्यात मध्ये गणपती आले. पत्र ड्रॉवरमध्ये पडून राहिलं. कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं. पण कागदावर ते काळंबेरंच दिसत होतं.

आता मागचं सांगते.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात मी एचआर म्हणून लागले होते. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं एम.ए., झालेलं, कामगार कायद्याचा पेपर चांगल्या मार्कांनी काढलेला, आणि प्रत्यक्षात काम काय, तर हजेरी, पीएफ, ईएसआय म्हणजे कामगार विमा, बोनसचा तक्ता आणि साहेब सांगतील ती पत्रं. कारखान्यात दीडशेच्या आसपास माणसं. मागावर बहुतेक शहराच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, चिडले की दोन्ही.

त्यातले एक अण्णा. नाव लिहीत नाही. सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे. २००६ पासून मागावर. त्यांचा खाडा म्हणजे वर्षाला मोजून चार-पाच. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, त्याला ते गेले आणि दुसऱ्या दिवशी, २७ ऑगस्टला, सोमवारी कामावर आले नाहीत. आठवडा गेला. तेव्हा निर्यातीच्या ऑर्डरी अंगावर होत्या, एक माग बंद म्हणजे मालकांच्या कपाळावर आठी. प्रॉडक्शन मॅनेजर माझ्याकडं आले आणि म्हणाले, “मॅडम, अण्णा गेले ओ तिकडं तेलंगणात. रथानंतर गावाकडं जातेत आणि मग परत येत नाहीत. नोटिशी काढा, रिकामे करा.”

मी काढल्या. मागच्या एचआरनं ठेवलेला नमुना कॉम्प्युटरवर होताच, इंग्रजीत. नाव, तारीख बदलली. पत्ता नोंदवहीतून घेतला : साखर पेठेतली एक चाळ. २४ सप्टेंबरला तिसरं पत्र : आपण स्वेच्छेने नोकरी सोडली असे समजून आपले नाव मस्टरवरून कमी करण्यात येत आहे.

सोलापुरात, आणि सोलापुरातच कशाला, कुठल्याही एमआयडीसीत हे वाक्य इतकं सर्रास वापरतात की ते कायद्यातलंच आहे असं वाटायला लागतं. नोकरी सोडणं हे माणसाच्या मनातलं असतं, आणि त्याच्या मनातलं आपण त्याला न विचारता लिहून टाकतो. हे मला आज कळतं. तेव्हा मी पत्राच्या तीन प्रती काढल्या, एक फाईलला, एक टाईम ऑफिसला आणि एक नोटीस बोर्डावर लावली.

१ ऑक्टोबरला सकाळच्या पाळीला अण्णा गेटवर आले. वॉचमनचा इंटरकॉमवर फोन : “मॅडम, अण्णा आलेत. यादीत नाव नाही.” मी म्हटलं, नाव कमी झालंय, अर्ज द्यायला सांगा. माझ्या केबिनपासून गेट चाळीस-पन्नास पावलांवर. मी खाली गेले नाही. त्या दिवशी पीएफचं काम होतं, एवढंच कारण. अण्णा साडेनऊपर्यंत उभे राहिले असं वॉचमननं नंतर सांगितलं. तीन आणि चार तारखेलाही आले. मग आले नाहीत. त्यानंतर आलं ते युनियनच्या लेटरहेडवरचं मागणीपत्र, आणि मग कामगार कार्यालयाचं बोलावणं.

तर, पहिल्याच तारखेला पावत्यांचं हे असं झालं. त्यानंतर अधिकाऱ्यांनी मला तीन प्रश्न विचारले. चार्जशीट दिलं का? चौकशी नेमली का? कामगाराचं म्हणणं कधी ऐकून घेतलं का? मी म्हटलं, स्थायी आदेशात, म्हणजे कारखान्याच्या मंजूर नोकरी-नियमांत, आहे, रजा संपल्यावर आठ दिवसांत आला नाही तर त्याचा हक्क जातो. कॉम्रेड हसले नाहीत, उलट जरा कीव आल्यासारखं बघितलं. “ताई, डी. के. यादव वाचा,” एवढंच म्हणाले. अधिकाऱ्यांनी पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली.

परीक्षेसाठी तो निवाडा मी एका ओळीत पाठ केला होता. आता पूर्ण वाचला. १९९३ चा, सर्वोच्च न्यायालयाचा. जेएमए इंडस्ट्रीज नावाच्या कंपनीनं एका कामगाराला पत्र दिलं की, तुम्ही सलग आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर आहात, स्थायी आदेशाप्रमाणे तुमची नोकरी आपोआप संपली. कामगाराचं म्हणणं, मी रोज येत होतो, मला गेटवरच अडवत होते. कोर्टानं सांगितलं, स्थायी आदेशात तसं लिहिलेलं असलं तरी माणसाला बाजू मांडायची संधी न देता, साधी चौकशी न करता त्याची नोकरी काढता येत नाही. उपजीविका काढून घेण्याची पद्धत न्याय्य हवी. त्याला परत घेण्याचा हुकूम झाला, मधल्या काळाचा निम्मा पगार देऊन.

गेटचा भाग वाचताना मी एकदा पान मिटलं होतं.

मालकांच्या ओळखीचे एक जुने वकील होते, गिरण्या चालू होत्या तेव्हापासून मालकांच्या बाजूनं उभे राहणारे. त्यांच्याकडं मला पाठवलं. नव्या पेठेच्या मागं एक जुना वाडा, वर जायला लाकडी जिना, खोलीभर फायली. त्यांनी माझी चिठ्ठ्या लावलेली फाईल पाहिली आणि म्हणाले, “छान लावलीस. आता कामगाराची फाईल कुठंय?”

मला कळेना.

“अगं, ही तुझी फाईल. तू काय काय केलंस ते यात आहे. तो का आला नाही, ते कुठल्या पानावर आहे?”

मग त्यांनी पाऊण तास शिकवलं, ते दोन वर्षांच्या एमएसडब्ल्यूत कुणी शिकवलं नव्हतं. म्हणाले, आदर्श स्थायी आदेशात दहा दिवसांपेक्षा जास्त सलग विनापरवाना गैरहजेरी हे गैरवर्तन आहे, बरोबर. पण गैरवर्तन ‘आहे’ आणि गैरवर्तन ‘सिद्ध झालं’ यात एक अख्खी चौकशी उभी असते. त्या चौकशीत काय हवं, हे १९६३ च्या सूर एनॅमलच्या निवाड्यात सांगून ठेवलंय : आरोप त्याला स्पष्ट कळवलेला हवा, साक्षीदार शक्यतो त्याच्यासमोर तपासलेले हवेत, त्याला उलटतपासणी घेता आली पाहिजे, स्वतःचे साक्षीदार आणता आले पाहिजेत आणि चौकशी अधिकाऱ्यानं कारणं देऊन निष्कर्ष लिहिला पाहिजे. मी विचारलं, चौकशीच केली नसेल तर आता संपलंच का सगळं? म्हणाले, तसं नाही. फायरस्टोनच्या १९७३ च्या निकालानं सोय ठेवली आहे, चौकशी झाली नसली किंवा सदोष असली तरी मालकाला कोर्टात पुरावा देऊन गैरवर्तन सिद्ध करता येतं. “पण सिद्ध करायला तुझ्याकडं काय आहे? ४१ आणि ४२?”

आणि घड्याळ त्यांच्या बाजूला आहे, असंही म्हणाले. समेटाचा अर्ज दिल्यापासून ४५ दिवस गेले की कामगार, सरकार वाद कोर्टाकडं कधी पाठवतंय याची वाट न बघता, थेट कामगार न्यायालयात जाऊ शकतो. ही दुरुस्ती २०१० ची. शिवाय आपल्या महाराष्ट्रात १९७१ चा कायदा आहेच, अनुचित कामगार प्रथांचा. त्याखाली ९० दिवसांत तक्रार करता येते, आणि चौथ्या अनुसूचीतली पहिलीच बाब बडतर्फीची आहे : नैसर्गिक न्यायाची तत्त्वं धाब्यावर बसवून किंवा वाजवीपेक्षा घाईनं. “घाई म्हणजे काय हे समजावून सांगायला कॉम्रेडला तुझी पावती पुरेल.”

निघताना म्हणाले, तो आजारी होता का, एवढं आधी शोध.

दुसऱ्या दिवशी मी मागाच्या शेडमध्ये गेले. एचआरनं शेडमध्ये जायची आमच्याकडं पद्धत नव्हती. कानठळ्या बसणारा आवाज, प्रत्येक वाक्य कानाजवळ जाऊन ओरडून सांगायचं. जॉबरला, म्हणजे मागांवरच्या मुकादमाला, विचारलं. त्यानं आधी मान हलवली, मग जरा थांबून म्हणाला, “चिठ्ठी आली होती की ओ मॅडम. अण्णाच्या पोरानं आणून दिलती. मी सुपरवायझर साहेबांना दिलो.” सुपरवायझर म्हणाले, आठवत नाही. मग त्यांच्या उंच टेबलावरची प्रॉडक्शनची रजिस्टरं एकेक करून झटकली. तिसऱ्या रजिस्टरातून, ऑगस्टच्या पानांतून, दोन घडी घातलेले कागद पडले. कामगार विमा योजनेच्या दवाखान्याची प्रमाणपत्रं. घडीच्या रेषेवर कापसाची रुई बसून ती करडी झाली होती. कावीळ. पहिलं २७ ऑगस्टपासूनचं.

मी ती रुई बोटानं काढली, आणि मग वाटलं, नको, आहे तशीच राहू दे.

ज्यांना ईएसआय म्हणजे पगारातली कपात आणि महिन्याचं चलन एवढंच माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही तेव्हा तेवढंच माहीत होतं. विमाधारक कामगार आजारपणाचा लाभ घेत असेल त्या काळात त्याला तेव्हा कामावरून काढता येत नव्हतं, शिक्षाही करता येत नव्हती. तेव्हाच्या १९४८ च्या कायद्याचं ७३ वं कलम. आजारपणात त्याला ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के मिळतात, ते महामंडळाकडून. म्हणजे अण्णांच्या घरी पस्तीस दिवस जे पैसे येत होते ते विम्याचे होते, त्यांची नोंद सरकारी कचेरीत होती, आणि त्याच पस्तीस दिवसांत मी त्यांना ‘स्वेच्छेने सोडून गेलेले’ ठरवून टाकलं होतं.

पत्त्याचा घोळही तेव्हाच सुटला. अण्णांची बायको विडी कामगार. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांना दहा हजार घरं मिळाली, त्यातलं एक त्यांचं. साखर पेठेतली चाळ सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती. आमच्या नोंदवहीत मात्र ते अजून चाळीतच राहत होते. अख्ख्या शेडला माहीत होतं की अण्णा कुंभारीहून येतात. सकाळच्या पाळीला उशीर झाला की सगळे त्यावरूनच चिडवायचे. माहीत नव्हतं ते फक्त एचआरला.

आता मालक. हे सगळ्यात अवघड होतं. मालक वाईट नव्हते, पण त्यांचा एक पक्का हिशेब होता : “एकाला आत घेतलं की उद्या दहा जण महिनाभर गावाला जातील. मग तू बसव माग चालवायला तुझ्या कायद्याला.” मी कायदा बाजूला ठेवला आणि कागदावर आकडे मांडले. अण्णांचा पगार ११,४०० रुपये. खटला पाच वर्षं चालला असं धरा. मागील पगारच ६,८४,००० रुपये होतो. २०१३ च्या दीपाली सुरवसे निकालापासून तर बेकायदा काढलेल्याला परत घेताना मागचा पगार देणं हा सर्वसाधारण नियम समजतात, आणि तो द्यायचा नसेल तर मधल्या काळात कामगार दुसरीकडं कमावत होता, हे मालकाला दाखवावं लागतं. त्यावर आपण हायकोर्टात गेलो तर तिकडं निकाल लागेपर्यंत शेवटचा पगार दर महिन्याला चालू ठेवायचा, हे तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याचं १७ ब कलम. तेव्हा हायकोर्ट म्हणजे मुंबईच. कोल्हापूरला बेंच आलं ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये. गाडीभाडं, वकील, मुक्काम वेगळा.

मालक आकड्यांकडं बघत राहिले. मग म्हणाले, “आणि हे सगळं एका चिठ्ठीपायी?” मी म्हटलं, नाही, पोस्टात न गेलेल्या एका पत्रापायी आणि मी न गेलेल्या गेटापायी. हे वाक्य मी घरून ठरवून आणलं नव्हतं. ते ऐकून ते एकदम गप्प झाले. तयार झाले, पण एक अट घातली : माफीनामा पाहिजे.

पुढच्या तारखेला त्या एका शब्दावर दीड तास गेला. पैशावर वीस मिनिटं. पैशाचं सोपं होतं : आजारपणाचे दिवस विम्यातून आलेच होते, गेटवरून परत पाठवलं त्या १ ऑक्टोबरपासून रुजू होईपर्यंतचा निम्मा पगार, यादवच्या निकालात होता तसा, सेवेत खंड नाही. कॉम्रेड पूर्ण पगारावर अडतील अशी माझी धास्ती होती. ते अडले नाहीत. मग मी माफीचा विषय काढला.

“माफी कशाची? कावीळ झाल्याची?”

मी म्हटलं, न कळवल्याची. तर ते म्हणाले, कळवलंय, चिठ्ठी तुमच्याच रजिस्टरात सापडलीय ना? सापडली हे मीच त्यांना सांगितलं होतं. ती दाखवू नका, असा एक सल्ला आमच्याच ऑफिसातून मला मिळाला होता. कुणी दिला ते लिहीत नाही. मी ती दाखवली, कारण विम्याच्या कचेरीत दुसरी प्रत असणारच होती, आणि खरं सांगायचं तर त्या रुई बसलेल्या कागदांना पुन्हा रजिस्टरात घालायचा हात होत नव्हता.

अण्णा इतका वेळ खुर्चीच्या कडेवर बसून होते. अंगानं निम्मे झाले होते. मालकांच्या बाजूची म्हणून की काय, माझ्याकडं बघत नव्हते. पहिल्यांदा बोलले : “मॅडम, मी चिठ्ठी पाठवलो होतो ना ओ. बारा वर्षं झाली, मी कधी न सांगता राहिलो काय?” मी नाही म्हटलं. माझ्याकडं दुसरं काही म्हणायला नव्हतंच.

शेवटी अधिकाऱ्यांनी तोडगा काढला. ‘माफी’ खोडून त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं : ‘यापुढे आजारपणाची सूचना कामगार थेट कार्यालयास देईल व कार्यालय त्याची पोहोच देईल.’ त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग कॉम्रेडनी घालायला लावला. मालकांना फोन केला, वाचून दाखवलं. पलीकडून बराच वेळ काही नाही, मग “कर सही”. समेट कार्यवाहीत झालेला करार, त्याच औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १२(३) खालचा. २६ नोव्हेंबरला सोमवारी अण्णा सकाळच्या पाळीला रुजू झाले. मी गेटवर उभी होते. त्यांनी पान थुंकलं, तोंड पुसलं आणि “या मॅडम” म्हणून आत गेले, जणू मीच पाहुणी.

त्यानंतर मी पहिल्यांदा काय केलं, तर वर्षातून दोनदा, पगाराच्या दिवशी, प्रत्येकाकडून पत्त्याचा आणि मोबाईलचा कागद भरून घ्यायला लागले. फॉर्म मराठीत. ज्याला लिहिता येत नाही त्याच्याजवळ मी बसते. दुसरं, पत्र ज्या तारखेचं त्याच दिवशी पोस्टात, आणि पावतीवरचा शिक्का मी स्वतः बघते. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, ऑनलाईन मागोवाही बघता येतो. पण पत्ताच चुकीचा असेल तर स्पीडनं जाऊन स्पीडनं परत येणार. तिसरं, इंग्रजी नमुने उडवले.

खरी चौकशी मी पुढच्या वर्षी पाहिली. एका तरुण कामगारानं शेडमध्ये सुपरवायझरच्या कानाखाली वाजवली. सगळ्यांसमोर. साहेबांचं म्हणणं, यात चौकशी काय करायची, पन्नास जणांनी बघितलंय. या वेळी मी ऐकलं नाही. निलंबित केलं, पहिल्या ९० दिवसांसाठी निम्म्या पगाराएवढा निर्वाह भत्ता दर महिन्याच्या पगारासोबतच दिला. तो थकला तर चौकशीलाच धक्का बसतो, हे वकिलांनी बजावलं होतं. चार्जशीटमध्ये ‘गैरवर्तन केले’ असं मोघम काही नाही. तारीख, वेळ, माग नंबर, कुणाला, काय. चौकशी अधिकारी बाहेरचे, मी फक्त व्यवस्थापनाची बाजू मांडणारी. एकाच माणसानं आरोप लावायचा, तपासायचा आणि निकाल द्यायचा हे चालत नाही. त्यानं सोबत एक सहकारी आणला, आणि साक्षीला आलेली त्या कामगाराची आई तेलुगूशिवाय बोलत नव्हती म्हणून दुभाषी ठेवला. प्रत्येक बैठकीचा रोजनामा, प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या, प्रत त्याच दिवशी हातात.

सात बैठका झाल्या. पाचव्या बैठकीत त्याच्या सहकाऱ्यानं सुपरवायझरची उलटतपासणी घेतली. साधाच मुलगा, दहावी नापास, पण प्रश्न असे विचारत होता की मी लिहायची थांबले. “साहेब, थप्पड बसायच्या आधी तुम्ही काय बोललाव?” काही नाही. “आईवरून बोललाव की नाही?” शांतता. “तुमच्या शेजारी जॉबर उभा होता. त्याला बोलवू काय?” सुपरवायझर म्हणाला, रागात बोललो असेन.

ते रोजनाम्यात गेलं. आरोप सिद्ध झाला, पण चिथावणीही सिद्ध झाली. अहवालाची प्रत त्याला दिली, त्यावर म्हणणं मागवलं. हे करुणाकर निकालापासून, १९९३ पासून, सोडताच येत नाही. मी बडतर्फी नको म्हणून टिपण दिलं : थप्पड गंभीर आहेच, पण अशा परिस्थितीत काढून टाकलं तर शिक्षा गुन्ह्याच्या मानानं अवाजवी ठरेल आणि कोर्ट ती बदलेल. स्थायी आदेशाप्रमाणे शिक्षा म्हणून निलंबन जास्तीत जास्त चार दिवसांचं देता येत होतं. चार दिवस दिले. सुपरवायझरला लेखी ताकीद. मालक म्हणाले, “सात बैठका घेऊन चार दिवस?” हो, चार दिवस. पन्नास जणांनी थप्पड बघितली होती. शिवी एकट्या जॉबरनं ऐकली होती.

आता जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चारही श्रमसंहिता लागू झाल्यात, २१ नोव्हेंबर २०२५ पासून. स्थायी आदेशांची मर्यादा ३०० कामगारांवर गेली, म्हणजे आमच्यासारखा कारखाना त्याबाहेर. एमआयडीसीतल्या एचआर मंडळींच्या ग्रुपवर लगेच आनंदीआनंद : आता सुटलो. मला तसं वाटत नाही. यादवच्या निकालात कोर्ट स्थायी आदेशावर टेकलेलं नव्हतं, उलट त्याच्या विरोधात गेलं होतं. ते टेकलं होतं राज्यघटनेवर. कामगारांची संख्या मोजून ती सुटत नाही.

अण्णा २०२४ मध्ये निवृत्त झाले. ग्रॅच्युइटीचा हिशेब मीच केला. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १४,३००, गुणिले १५, भागिले २६, गुणिले १८ वर्षं : १,४८,५०० रुपये. अठरा वर्षं सलग, मध्ये तुटक नाही. अर्जावर सही घ्यायला त्यांना केबिनमध्ये बोलावलं. आता केस पूर्ण पांढरे. मी अर्ज त्यांच्यापुढं सरकवला आणि पत्त्याच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“अण्णा, कुंभारीच ना?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “नाही ओ मॅडम. पोरगा भिवंडीला आहे. तिकडं जालोय आता.” आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर पोराच्या अक्षरात, मराठीत, नवा पत्ता लिहिलेला होता. “तुम्ही विचारणार म्हणून आणलो,” म्हणाले.